निसर्गाला ठरवू द्या, म्हणे

गेल्या नोव्हेंबरात मी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. लाल खार. कानांवर हिवाळ्यात येतात ते केसांचे तुरे, अंगापेक्षा मोठी वाटणारी शेपटी, पुढच्या दोन पायांत धरलेला हेझलनट. दहा मिनिटांत बदामांचा पाऊस पडला. मावशीने लिहिलं, "अगं किती गोड! आपल्या शेकरूचं पिल्लूच वाटतंय." मग मामेभावाने विचारलं, तू शनिवार-रविवार त्या जंगलात नेमकं करतेस तरी काय? मी खरं ते लिहिलं. दाणे भरते, कॅमेऱ्याचं कार्ड बदलते, पिंजरे तपासते. पिंजऱ्यात करडी खार सापडली, तर ज्यांच्याबरोबर मी जाते ते आजोबा तिला एअर रायफलने मारतात.

बदाम थांबले.

थोड्या वेळाने मामेभावाचा मेसेज आला, "खार वाचवायला खार मारायची? हे काय लॉजिक आहे? निसर्गाला ठरवू द्या ना." आणि मावशीचा, "तू कशाला ते पाप डोक्यावर घेतेस, बाळा?"

मावशीला उत्तर देणं अवघड आहे, कारण ती निदान पाप आहे हे मान्य करून बोलते. हा लेख मामेभावासाठी आहे आणि त्याच्यासारखं बोलणाऱ्या सगळ्यांसाठी. इथे न्यूकॅसलला माझ्या वर्गात, फ्लॅटमध्ये, इन्स्टाच्या कॉमेंटमध्ये मला हेच वाक्य वेगवेगळ्या भाषांत ऐकू येतं. ते सुसंस्कृत वाटतं. मला ते आता पळपुटं वाटतं.

आधी 'निसर्गाने' काय ठरवलं होतं ते बघू. ब्रिटनमध्ये हजारो वर्षं एकच खार होती, लाल. करडी खार ही उत्तर अमेरिकेची. ती अटलांटिक पोहून आली नाही. 1876 साली चेशरमधल्या हेनबरी पार्क नावाच्या इस्टेटीवर थॉमस ब्रॉकलहर्स्ट या धनिकाने अमेरिकेहून आणलेल्या करड्या खारी सोडल्या. नोंद असलेली ही पहिली वेळ. का सोडल्या? बागेत शोभतात म्हणून. पुढे बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्नच्या इस्टेटीवर त्या वाढवल्या आणि आपण दिवाळीला मिठाईचे बॉक्स वाटतो तशा ओळखीच्या लोकांना भेट म्हणून वाटल्या. ब्रिटनभरच्या करड्या खारींचा डीएनए तपासल्यावर हेच दिसलं, की त्या आपल्या पायांनी पसरल्या त्याहून जास्त माणसांच्या हातांनी पसरल्या. 1937 मध्ये सरकारने त्या आणायला आणि पाळायला बंदी घातली, तोवर साठ वर्षं उलटली होती. आज ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे 27 लाख आहेत. लाल खारी त्यांच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, त्यातल्याही बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

म्हणजे मामेभावा, निसर्गाने ठरवलं होतं ते एका श्रीमंत माणसाने बदललं. आता 'निसर्गाला ठरवू द्या' म्हणणं म्हणजे त्या श्रीमंत माणसाला ठरवू द्या म्हणणं. शेवटचा हात त्याचाच राहावा असा हा आग्रह आहे.

लोकांना वाटतं करडी खार लाल खारीला चावून हाकलते. तसं ती फारसं करत नाही. ती मोठी आहे, लाल खार साधारण 300 ग्रॅमची तर ही 500-600 ग्रॅमची, पण खरा फरक पोटात आहे. ओकची फळं नीट पिकायच्या आधीच करडी खार ती खाऊन पचवते. लाल खारीला ती नीट पचत नाहीत. त्यामुळे ओकच्या जंगलात लाल खार जेवायला बसेपर्यंत पंगत उठलेली असते. भुकेल्या मादीला पिल्लं कमी होतात. भांडण नाही, रक्त नाही, पंधरावीस वर्षांत जंगल करडं झालेलं असतं.

आणि दुसरी गोष्ट, देवी. माणसांची देवी गेली, खारींची आहे. स्क्विरलपॉक्स हा विषाणू करड्या खारी अंगावर वागवतात, त्यांना बहुधा काही होत नाही. लाल खारीला झाला तर ती साधारण दोन आठवड्यांत मरते.

हे वाक्य मी वाचलं होतं तेव्हा ते फक्त वाक्य होतं. मग मार्चमध्ये नॉर्थंबरलंडमधल्या एका खेड्यात, एका बाईंच्या परसात, दाण्यांच्या पेटीखाली एक लाल खार बसलेली दिसली. आम्ही जवळ गेलो तरी ती हलली नाही. रानातलं जनावर तुम्हाला बघून पळत नाही, तेव्हा तिथेच काहीतरी पोटात गोळा आणणारं असतं. डोळ्यांच्या कडांना खपल्या, नाकातोंडाभोवती ओले फोड, पुढच्या पायांची बोटं सुजलेली. डोळे जवळजवळ मिटलेले. दाणे समोर होते पण तिला ते धरता येत नव्हते. पशुवैद्याकडे नेईपर्यंत ती खोक्यातच गेली. आजोबांनी खोक्यावर तारीख आणि गावाचं नाव लिहिलं आणि बाईंना सांगितलं, पेटी उतरवा, जंतुनाशकाने धुवा, काही आठवडे लावू नका. कारण एकाच पेटीवर करडी आणि लाल दोघी येतात आणि तिथूनच साथ पसरते. बाई रडत होत्या. त्या पेटीत दाणे टाकणं हा त्यांचा रोजचा आनंद होता.

लिव्हरपूलजवळ फॉर्मबीला समुद्रकाठच्या पाइनच्या बनात लाल खारी आहेत. 2008 च्या सुमारास तिथे अशीच साथ आली आणि पाचातल्या चारांहून जास्त खारी गेल्या. त्या दोन आठवड्यांच्या मरणाचा फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही. पिंजऱ्यातल्या करडीला डोक्यात एक गोळी लागते, ती तिथेच संपते, आणि त्याचा मात्र सगळ्यांना धक्का बसतो. यातला फरक क्रौर्याचा नाही. एका मरणाला हात दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, एवढाच तो फरक.

आपण काहीच न करता हात स्वच्छ ठेवले तर काय होतं, याचा प्रयोग होऊन गेला आहे. इटलीत. 1948 साली तुरीनजवळ स्तुपिनीजी इथे करड्या खारींच्या दोन जोड्या सोडल्या गेल्या. नव्वदच्या दशकातही त्या पिएमाँतेच्या एका मर्यादित भागातच होत्या, आणि समूळ काढणं शक्य होतं. 1997 मध्ये राकोनीजीच्या उद्यानात सरकारी वन्यजीव संस्थेने आणि तुरीन विद्यापीठाने चाचणी सुरू केली, पकडून भूल देऊन मारण्याची. प्राणिहक्क संघटना कोर्टात गेल्या. काम थांबलं, शास्त्रज्ञांवर खटला चालला, आधी ते दोषी ठरले, मग 2000 मध्ये अपिलात निर्दोष सुटले. तीन वर्षं. खारी काही निकालाची वाट बघत बसल्या नव्हत्या. सुटका झाली तोवर त्या इतक्या पसरल्या की समूळ काढण्याचा बेतच सोडून द्यावा लागला. ज्यांनी खटला केला त्यांना करड्या खारींचे प्राण वाचवायचे होते, यात मला शंका नाही. पण तेव्हा थोड्यांत भागलं असतं. नंतर तिथे जितक्या लाल खारी गेल्या आणि पुढे जितक्या करड्या माराव्या लागतील, तो हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा? कोणाच्याच नाही. हात स्वच्छ आहेत ना.

आता एक अवघड मुद्दा, जो मी टाळू शकत नाही. माझी फ्लॅटमेट कोल्हापूरची आहे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं पण तूच इथली करडी खार आहेस की! तू काय पिंजरे लावत फिरतेस?" आम्ही हसलो. पण एकदा स्वयंसेवकांच्या बैठकीनंतर चहा घेताना एक काका म्हणाले की परदेशातून येणाऱ्यांचं असंच असतं, आपलं खाऊन आपल्यालाच हाकलतात, आणि मग माझ्याकडे लक्ष गेल्यावर बिचारे गोरेमोरे झाले. (आधीच गोरे होते, आणखी झाले.) त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ज्यांच्या बाजूने उभी आहे त्यांच्यातल्या काहींना खारींपेक्षा ही उपमा जास्त आवडते, हे मला तेव्हा कळलं.

ही उपमा दोन्हीकडचे लोक वापरतात. एक जण म्हणतो, बघा, परके असेच असतात. दुसरा म्हणतो, परक्यांना मारता म्हणजे तुम्ही वंशवादी. दोघेही खारीकडे बघतच नाहीत. माणूस कुठूनही आला तरी माणूसच, एकाच जातीचा प्राणी. करडी आणि लाल या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांची संकरित पिल्लं होत नाहीत, त्यांची सरमिसळ होऊन काही नवं घडत नाही. एक असते आणि दुसरी नसते. शिवाय 'देशी तेवढं चांगलं' हे माझं म्हणणंच नाही. इंग्लंडमधल्या उरलेल्या लाल खारींपैकी निम्म्याहून अधिक ज्या कील्डरच्या जंगलात आहेत असं मानतात, ते जंगल काही प्राचीन वगैरे नाही. 1926 पासून लाकडासाठी केलेली ती लागवड आहे, आणि त्यातली बहुतेक झाडं सिटका स्प्रूसची, म्हणजे करड्या खारीसारखीच उत्तर अमेरिकेतून आलेली. त्या झाडांच्या बारीक बियांवर लाल खारीचं भागतं, करडीचं नीट भागत नाही, म्हणून तिथे लाल टिकली. परक्या झाडाने देशी खार वाचवली. परकं असणं हा गुन्हा नव्हता, नाही. प्रश्न फक्त कोणाच्या असण्याने कोण नाहीसं होतं हा आहे.

माझ्या बाजूच्या लोकांना आवडत नाही अशी आणखी एक गोष्ट. 1903 साली बीट्रिक्स पॉटरचं 'स्क्विरल नटकिन' हे पुस्तक आलं, लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका चावट लाल खारीची गोष्ट. मुलांनी ती डोक्यावर घेतली. त्याच 1903 साली स्कॉटलंडच्या उत्तरेला 'हायलंड स्क्विरल क्लब' स्थापन झाला, लाल खारी मारण्यासाठी. त्या पाइनच्या कोवळ्या फांद्यांचं नुकसान करतात म्हणून. पुढच्या तीस वर्षांत या क्लबने ऐंशी हजारांवर लाल खारी मारल्या. आज जिच्यासाठी टी-शर्ट छापतात ती तेव्हा उपद्रवी जनावर होती.

मामेभाऊ हे वाचून म्हणेल, बघ, म्हणजे माणसांचा काही नेम नाही, म्हणूनच माणसांनी ढवळाढवळ करू नये. मी याचा उलटा अर्थ लावते. प्रेमावर आणि रागावर हे काम सोडलं की असं होतं. पन्नाशीच्या दशकात सरकारने करड्या खारीच्या शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस लावलं होतं. लोकांनी जिथे मारायला सोपं तिथे मारल्या, शेपट्या जमा केल्या, पैसे घेतले. करड्या खारी वाढतच राहिल्या. काही वर्षांत योजना गुंडाळली. राग होता, बंदुका होत्या, पैसा होता. पण कुठल्या जंगलात किती उरल्या हे मोजणारं कोणी नव्हतं.

मोजून केलं तर काय होतं ते वेल्सच्या अँगलसी बेटावर दिसलं. 1998 साली तिथे लाल खारी जेमतेम चाळीसच्या घरात उरल्या होत्या. गावातल्या लोकांनी आणि मोजक्या कर्मचाऱ्यांनी एकेक झाडी धरून पिंजरे लावले, करड्या काढल्या, परत बघितलं, परत काढल्या, बंदिवासात वाढवलेल्या लाल खारी सोडल्या. सतरा वर्षं. 2015 मध्ये बेट करड्या खारींपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि लाल खारी सातशेच्या आसपास पोचल्या. सतरा वर्षांत तुमचे फोन किती बदलले ते मोजा. त्यातला एकही दिवस व्हायरल होण्यासारखा नव्हता.

काम कसं असतं ते सांगते, म्हणजे त्यात थरार आहे असं कोणाला वाटायला नको. सकाळी पिंजरा उघडायचा, मका आणि सूर्यफुलाचे दाणे टाकायचे. दिवसातून निदान एकदा, शक्यतो दोनदा, बघायला जायचंच, कारण आत अडकलेला जीव थंडीत राहता कामा नये. बहुतेक वेळा आत काहीच नसतं. कधी चिमणीएवढा पक्षी, कधी लाल खार, ती दार उघडताच तीरासारखी सुटते. दाण्यांच्या पेटीच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली असते, तिला चिकटलेले केस पाकिटात भरायचे, पाकिटावर नंबर. कॅमेऱ्यात तीनशे फोटो, त्यातले दोनशे वाऱ्याने हललेल्या फांदीचे. बूट ओले. आणि कधीतरी पिंजऱ्यात करडी. पकडलेली करडी खार परत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तिचं पुढे काय हा प्रश्नच उरत नाही. आजोबा निवृत्त पोस्टमन आहेत. पिंजऱ्यावर कापड टाकतात, ती शांत होईपर्यंत थांबतात, मग करतात. नंतर काही वेळ बोलत नाहीत. एकदा म्हणाले, ज्या दिवशी याचं काही वाटेनासं होईल त्या दिवशी दुसरा माणूस बघा. गोळी मी कधी झाडलेली नाही. पण कापड मी धरलेलं आहे, तेव्हा मी नामानिराळी नाही, मावशी.

आपल्याकडे खारीचा वाटा म्हणतात. सेतू बांधताना खारीने वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण नेऊन टाकले, ती गोष्ट. आपण त्यातली रामाची बोटं आणि पाठीवरचे पट्टे लक्षात ठेवले. खार किती खेपा घालते ते विसरलो. म्हणून आपल्याला स्टोरी शेअर केली की वाटा उचलल्यासारखं वाटतं.

पाइन मार्टनचं नाव आलं की मात्र मामेभावाचा पक्ष खुशीत येतो. हा मांजराएवढा, लांबट अंगाचा, झाडावर चढणारा शिकारी. आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये तो जिथे परतला तिथे करड्या खारी कमी झाल्या आणि लाल वाढल्या, असं अभ्यासात दिसलं आहे. त्याचा वास आलेल्या ठिकाणी लाल खार सावध होते, पिढ्यान्पिढ्यांची ओळख आहे; करडीला त्या वासाचा अर्थच कळत नाही. बघ, म्हणे, निसर्गानेच उपाय काढला. मलाही मार्टन हवा आहे. पण तो ब्रिटनच्या बहुतेक भागातून नाहीसा का झाला होता? शिकारीचे पक्षी राखणाऱ्यांनी त्याला मारला आणि जंगलं तुटली म्हणून. परत कसा आला? त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, जंगलं वाढवली, काही ठिकाणी माणसांनी खोक्यात घालून आणून सोडला म्हणून. यातही माणसाचाच हात आहे. शिवाय मार्टन शहरातल्या बागांत राहत नाही, करड्या खारी आरामात राहतात. आणि तो करडीला दातांनी मारतो. तेव्हा कोणी विचारत नाही की हे काय लॉजिक. म्हणजे मरणाला तुमची हरकत नाहीच. ते तुमच्यापासून दूर, तुमच्या माहितीशिवाय व्हावं, एवढीच अट आहे.

मावशीने त्या फोटोखाली शेकरूचं नाव काढलं होतं, म्हणून हेही. माझं आजोळ घोडेगावच्या वरच्या अंगाला, तिथून भीमाशंकरचं रान लांब नाही. 1985 मध्ये ते अभयारण्य झालं, त्यामागे शेकरू हे मोठं कारण होतं. शेकरूला कुठली परदेशी खार हाकलत नाही. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर जाते, म्हणून तिला शेंड्याला शेंडा भिडलेलं रान लागतं. मधली चार झाडं गेली की तिचा रस्ता बंद. तिथे कोणाला मारावं लागणार नाही, पाप लागणार नाही. फक्त कुठल्या वळणावर कुठली झाडं तुटणार आहेत यावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागेल, अर्ज करावे लागतील, हेलपाटे घालावे लागतील. आमच्या ग्रुपवर सत्तावीस जण आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, हे सगळ्यांना येतं. स्पर्धा परीक्षेत एका मार्काला असतं. तिचं घर शाबूत आहे का, हे बघायला त्यातलं किती वर्षांत कोण गेलं, असं मी विचारलं. उत्तरादाखल एकाने हात जोडल्याची इमोजी टाकली. मीही गेले नव्हते, तिथे असताना. मला ते इथे येऊन, दुसऱ्यांच्या खारीच्या मागे फिरताना सुचलं, आणि याची मला लाज वाटते.

मावशीने परवा फोन केला. पापाचं पुन्हा काढलं नाही. विचारलं, "ती मेलेली खार, जिचे डोळे मिटले होते म्हणालीस, तिला खूप दुखत असेल का गं?" मी हो म्हटलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली थंडीचे मोजे पाठवते.

आज सकाळी आजोबांचा मेसेज होता. नदीपलीकडच्या अकरा नंबरच्या पेटीवर, कॅमेऱ्यात, पहाटे सहा चाळीसला करडी दिसली आहे. एकच. त्या भागात गेल्या वर्षभरात पहिलीच. शनिवारी पिंजरा लावायचा, मग आठ दिवस रोज दोनदा बघायला कोणीतरी हवं. सकाळची पाळी मी घेतली आहे. बस सहा दहाची आहे.